दर पावणेचार दिवसांनी एक प्रयोग

७ जून १९८८ रोजी कॅलिफोर्नियातल्या कॉन्कर्ड गावी बॉब डिलनने एका दौऱ्याची पहिली मैफल केली. त्याच दौऱ्याची तीन हजारावी मैफल १९ एप्रिल २०१९ ला ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकमध्ये झाली. मधले दिवस मोजले तर ११,२७३ भरतात. भागाकार केला की उत्तर येतं, दर पावणेचार दिवसांनी एक मैफल, आणि तीही जवळजवळ एकतीस वर्षं. सुरुवात झाली तेव्हा गायक ४७ वर्षांचा होता. तीन हजारावा आकडा लागला तेव्हा ७७ वर्षांचा. एक मैफल दीड तासाची धरली, तरी साडेचार हजार तास होतात. म्हणजे एक माणूस सलग १८७ दिवस आणि १८७ रात्री रंगमंचावर उभा आहे. बस, विमान, हॉटेल, आवाजाची तपासणी यांचा वेळ यात धरलेलाच नाही.

मराठी वाचक लगेच म्हणेल, तीन हजारच ना? प्रशांत दामले यांनी नोव्हेंबर २०२२ मध्ये साडेबारा हजारावा प्रयोग केला! खरं आहे. प्रयोगसंख्येच्या बाबतीत आपल्याला कुणी शिकवायला नको. पण नाटकाची संहिता ठरलेली असते, टाळ्यांच्या आणि हशाच्या जागाही ठरलेल्या असतात. डिलनच्या आकड्याने डोकं चक्रावतं ते वेगळ्या कारणाने. त्याच्या मैफलीत ओळखीचं गाणं सुरू झालं, तरी दुसरं कडवं येईपर्यंत ते कोणतं हे समोरच्या निम्म्या लोकांना कळत नाही. चाल बदललेली, ठेका बदललेला, कधी शब्दही बदललेले. पैसे खर्चून आलेले लोक चिडतात, आणि पुढच्या वर्षी पुन्हा तिकीट काढतात.

डिलनवर लिहिताना सहसा पैशांचे आकडे पुढे केले जातात. तेही अवाढव्य आहेत, त्यांच्याकडे येऊच. पण मला त्यांच्यापेक्षा 'किती वेळा' हा हिशेब जास्त थक्क करतो.

त्याच्या गावापासूनच मापं सरळ नाहीत. जन्म २४ मे १९४१ चा, मिनेसोटा राज्यातल्या डुलुथ शहरातला. नाव रॉबर्ट झिमरमन. वाढला तो हिबिंग या खाणगावात. गावाला लागूनच लोहखनिजाची उघडी खाण, साधारण पाच किलोमीटर लांब आणि तीन किलोमीटर रुंद. ऐन भरात होती तेव्हा अमेरिकेतल्या एकूण लोहखनिजाचा चौथा हिस्सा या एकट्या खड्ड्यातून निघत असे. खनिजाचा थर गावाच्या खालपर्यंत गेलेला निघाला, तेव्हा कंपनीने गावच उचललं. १९१९ पासून पुढच्या दोन-तीन वर्षांत दोनेकशे इमारती लाकडी ओंडक्यांवरून घरंगळत तीन किलोमीटर दक्षिणेला नेल्या. लोकांची समजूत काढायला खाणीच्या पैशातून जी शाळा बांधली, तिचा खर्च त्या काळात चाळीस लाख डॉलरच्या आसपास गेला. सोळा-सतरा हजार वस्तीच्या गावातल्या या शाळेला अठराशे खुर्च्यांचं सभागृह आणि छताला युरोपातून आणलेली काचेची झुंबरं! झिमरमन नावाचा विद्यार्थी याच रंगमंचावर पियानो बडवत ओरडून गायला आणि शिक्षकांनी त्याचा ध्वनिक्षेपक बंद केला, असं सांगतात. अठराशे खुर्च्यांसमोर हसं होण्याची सवय त्याला शाळेतच लागली म्हणायची.

जानेवारी १९६१ मध्ये तो न्यूयॉर्कला आला. ग्रीनिच व्हिलेजमधल्या कॉफी हाउसांत टोपी फिरवून गाणाऱ्या डझनावारी पोरांपैकी तो एक होता. सप्टेंबरच्या अखेरीस 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये रॉबर्ट शेल्टनने त्याच्यावर कौतुकाने लिहिलं. नोव्हेंबरात कोलंबिया कंपनीच्या जॉन हॅमंडने त्याची पहिली तबकडी ध्वनिमुद्रित केली. दोन दिवसांचं काम, एक गिटार, एक माउथ ऑर्गन. खर्च ४०२ डॉलर आल्याचं सांगितलं जातं. तेव्हाच्या दराने साधारण १,९०० रुपये. तेरा गाण्यांपैकी त्याची स्वतःची दोनच. पहिल्या वर्षात प्रती खपल्या पाच हजारांच्या आसपास. कंपनीच्या कचेरीत या पोराला 'हॅमंडचा वेडेपणा' असं नाव पडलं. पुढे जगभरात साडेबारा कोटी प्रती खपल्याचं ज्याच्याबद्दल सांगितलं जातं, त्याची ही भवानी.

नंतरचा वेग पाहा. ऑगस्ट १९६३ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांनी ज्या सभेत आपलं स्वप्न सांगितलं, त्याच वॉशिंग्टनच्या सभेत अडीच लाख लोकांसमोर डिलन गायला. वय २२. आणि मार्च १९६५ ते जून १९६६ या पंधरा महिन्यांत तीन अल्बम आले, त्यातला शेवटचा दोन तबकड्यांचा. निव्वळ गिटार आणि माउथ ऑर्गनवरच्या लोकगीताला इलेक्ट्रिक गिटार, ड्रम आणि ऑर्गनची जोड देऊन ज्याला लोक फोक रॉक म्हणू लागले, तो प्रकार मुख्यतः याच काळात उभा राहिला. एकट्या डिलनने तो घडवला असं म्हणणं अन्यायाचं होईल, 'द बर्ड्‌स'सारखी मंडळी होतीच; पण बर्ड्‌सचं पहिलं गाजलेलं गाणं डिलनचंच होतं.

या पंधरा महिन्यांतला एक दिवस जवळून पाहण्यासारखा आहे. १६ जून १९६५, न्यूयॉर्क, कोलंबियाचा स्टुडिओ ए. गाणं 'लाइक अ रोलिंग स्टोन'. त्याचा कच्चा मजकूर किती होता, याविषयी डिलनने स्वतःच कधी दहा पानं सांगितली, कधी वीस. आदल्या दिवशी ते तीन मात्रांच्या वॉल्ट्झच्या ठेक्यात पाच वेळा करून पाहिलं होतं, जमलं नव्हतं. आज ठेका चार मात्रांचा. खोलीत अल कूपर नावाचा एकवीस वर्षांचा मुलगा होता. निर्माता टॉम विल्सनने त्याला नुसतं बघायला बोलावलं होतं, पण तो गिटार घेऊन वेळेआधीच येऊन बसला. तेवढ्यात माइक ब्लूमफिल्ड आला, त्याने गिटारवर दोन-चार हात फिरवले आणि कूपरने आपली गिटार गुपचूप पेटीत घातली. थोड्या वेळाने ऑर्गनवाला पियानोकडे गेला. मोकळी जागा दिसताच कूपर ऑर्गनवर जाऊन बसला. ते वाद्य सुरू कसं करतात हेही ठाऊक नव्हतं, नशिबाने ते चालूच होतं, असं तो पुढे आयुष्यभर सांगत आला. बाकीच्यांचा सूर कुठे जातोय ते आधी ऐकायचं आणि मग पट्टी दाबायची, अशी त्याची युक्ती. त्यामुळे ऑर्गन किंचित मागून येतो. ध्वनिमुद्रण ऐकताना डिलन म्हणाला, ऑर्गन वाढवा. विल्सन म्हणाला, अरे, तो ऑर्गनवाला नाही. डिलनने तरीही वाढवायला लावला.

त्या दिवशी पंधरा टेक झाले. बहुतेक मध्येच तुटले. जगाने ऐकला तो चौथा. पण चौथा झाल्यावर कुणी वाद्यं खाली ठेवली नाहीत, आणखी अकरा वेळा ते गाणं केलं, आणि अकरापैकी एकदाही ते त्या जागी पोचलं नाही. हे आपल्याला कळतं, कारण २०१५ मध्ये त्या काळातली सगळी टेप अठरा सीडींच्या पेटीत विकायला काढली गेली: ३७९ ट्रॅक, फक्त पाच हजार पेट्या. त्यातली एक अख्खी सीडी म्हणजे हे एकच गाणं, पुन्हा पुन्हा. शांतपणे बसून ती ऐकणं हे वाटतं तितकं कंटाळवाणं नाही. पाचव्या-सहाव्या टेकला मंडळींचा उत्साह कसा ओसरतो आणि नंतर उसना कसा आणला जातो, ते स्पष्ट ऐकू येतं.

गाणं सहा मिनिटांहून मोठं. रेडिओवर तेव्हा तीन मिनिटांची शिस्त. कंपनीच्या विक्री खात्याने नाकं मुरडली, रेडिओ केंद्रांना गाणं मधोमध कापून तबकडीच्या दोन बाजूंना विभागून पाठवलं. श्रोत्यांनी फोन करकरून पूर्ण गाणं मागितलं. यादीत ते दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढलं. पहिल्यावर बीटल्सचं 'हेल्प!' होतं. डिलनच्या स्वतःच्या आवाजातलं गाणं बिलबोर्डच्या कोणत्याही यादीत पहिलं यायला एप्रिल २०२० उजाडलं. ते गाणं सोळा मिनिटं चोपन्न सेकंदांचं होतं, केनेडी यांच्या खुनावरचं, आणि तो ७८ वर्षांचा होता.

त्या अठरा सीडींच्या पेटीमागे निव्वळ रसिकता नाही, कायदा आहे. युरोपीय संघाने ध्वनिमुद्रणांवरचा हक्क पन्नास वर्षांवरून सत्तरवर नेला, पण अट घातली: पन्नास वर्षांच्या आत जे बाजारात आलेलंच नाही, त्यावरचा हक्क जाईल. कंपनीच्या तळघरात डिलनच्या टेपांचे ढीग पडलेले. मग २०१२ च्या अखेरीस, पन्नास वर्षांपूर्वीच्या टेपांची मुदत भरत आली तेव्हा, चार सीडींचा एक संच निघाला, जेमतेम शंभर प्रतींचा. उद्देश इतकाच की 'प्रकाशित' असा शिक्का बसावा. तिथून जवळजवळ दर वर्षी पन्नास वर्षं मागची टेप वर येऊ लागली. २०१६ मध्ये १९६६ च्या दौऱ्याच्या ३६ सीडी. २०२४ मध्ये १९७४ च्या दौऱ्याच्या २७ सीडी, ४३१ ट्रॅक. हा १९७४ चा दौरा त्रेचाळीस दिवसांचा, एकवीस शहरांत चाळीस मैफली. तिकिटं फक्त टपालाने. साडेसहा लाखांच्या आसपास खुर्च्या होत्या आणि मागणीची पाकिटं पन्नास लाखांवर गेली, असं तेव्हा सांगितलं गेलं.

चोरट्या तबकड्यांचा धंदाही त्याच्याच नावाने सुरू झाला म्हणायला हरकत नाही. १९६६ च्या जुलैमध्ये मोटरसायकलवरून पडल्यानंतर डिलन वुडस्टॉक भागात गप्प बसला होता. गप्प म्हणजे बाहेरच्यांसाठी. १९६७ मध्ये एका गुलाबी घराच्या तळघरात तो आणि पुढे 'द बँड' म्हणून नावारूपाला आलेले त्याचे साथीदार रोज दुपारी जमून गाणी वाजवत होते, टेप फिरत होती. त्यातली काही गाणी फुटली आणि १९६९ मध्ये पांढऱ्या कोऱ्या वेष्टनातून विकली जाऊ लागली. १९७५ मध्ये अधिकृत अल्बम निघाला, २४ गाण्यांचा. सगळं तळघर उपसून बाहेर यायला २०१४ उजाडलं: १३८ ट्रॅक. जो माणूस त्या वर्षी काहीच करत नव्हता असा समज होता, त्याचं ते एका वर्षाचं काम.

त्याच १९६७ च्या डिसेंबरात 'जॉन वेस्ली हार्डिंग' हा अल्बम आला. त्याचं मुखपृष्ठ भारतीय वाचकाने एकदा नीट पाहावं. कडाक्याच्या थंडीत उभ्या डिलनच्या शेजारी बंगालचे दोन बाऊल गायक आहेत, पूर्ण दास आणि लक्ष्मण दास. डिलनच्या व्यवस्थापकाच्या वुडस्टॉकच्या घरी त्यांचा मुक्काम होता. या अल्बममध्ये 'ऑल अलाँग द वॉचटॉवर' हे गाणं आहे. अडीच मिनिटांचं, अवघ्या बारा ओळींचं. जिमी हेंड्रिक्सने वर्षभरात ते उचललं आणि असं काही वाजवलं की डिलनही पुढे हेंड्रिक्सच्याच वळणाने ते गाऊ लागला. रंगमंचावर त्याने ते पहिल्यांदा गायलं जानेवारी १९७४ मध्ये. तेव्हापासून बावीसशेहून अधिक वेळा. एका वेळेला चार मिनिटं धरा, आठ हजार आठशे मिनिटं होतात, म्हणजे सहा दिवस आणि सहा रात्री न थांबता त्याच बारा ओळी. वारकऱ्यांच्या घरात वाढलेल्याला यात विचित्र काही वाटणार नाही. अभंग एकदा म्हणून झाला म्हणून कुणी तो बाजूला ठेवत नाही.

आता पैसे. डिसेंबर २०२० मध्ये युनिव्हर्सल कंपनीने त्याच्या सहाशेहून अधिक गाण्यांचे लेखन-हक्क घेतले. रक्कम जाहीर झाली नाही. वृत्तपत्रांचा अंदाज तीस कोटी डॉलरच्या वर. गाण्यामागे सरासरी पाच लाख डॉलर, यात जी गाणी डिलनच्या भक्तांनाही आठवत नाहीत तीही आली. इतरांनी ही गाणी सहा हजारांहून जास्त वेळा ध्वनिमुद्रित केली आहेत, असं तेव्हा कंपनीने सांगितलं. २०१४ मध्ये 'लाइक अ रोलिंग स्टोन'ची हस्तलिखित चार पानं लिलावात वीस लाख पंचेचाळीस हजार डॉलरला गेली. पान हॉटेलच्या लेटरहेडचं, खाडाखोड भरपूर, समासात भलतीच यमकं करून पाहिलेली. पानामागे तेव्हाचे तीन कोटी रुपये. त्याच्या आदल्या वर्षी एक गिटार नऊ लाख पासष्ट हजार डॉलरला विकली गेली. जुलै १९६५ मध्ये न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात डिलनने इलेक्ट्रिक गिटार घेऊन तीन गाणी म्हटली आणि काही लोकांनी त्याची हुर्यो उडवली, ती हीच गिटार. विमानातून जाताना तो ती विसरला आणि ती अठ्ठेचाळीस वर्षं वैमानिकाच्या घरात पडून होती. तीन गाण्यांचा हिशेब लावला तर गाण्यामागे सव्वातीन लाख डॉलर होतात. हुर्यो उडवणाऱ्यांच्या तिकिटाचे पैसे वसूल झाले म्हणायचे.

याच्या उलट बाजूचा एक आकडा आपल्या जवळचा आहे. १ ऑगस्ट १९७१ ला रविशंकर आणि जॉर्ज हॅरिसन यांनी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बांगलादेशच्या निर्वासितांसाठी दोन मैफली केल्या. पाच वर्षं दौरे बंद ठेवलेला डिलन येईल की नाही, याची हॅरिसनलाही खात्री नव्हती. तो आला, प्रत्येक मैफलीत पाच गाणी म्हणून गेला. दोन्ही मिळून श्रोते चाळीस हजार. तिकिटांतून जमले २,४३,४१८ डॉलर. भारतात तेव्हा आलेले निर्वासित एक कोटीच्या घरात. माणशी अडीच सेंटही नाहीत, तेव्हाचे अठरा पैसे. पुढे तबकडीतून आणि चित्रपटातून कितीतरी पटींनी पैसा उभा राहिला, तोही करांच्या लफड्यात अडकून उशिराने पोचला. पण त्या रात्रीचे अठरा पैसे मला त्या गिटारीच्या किमतीपेक्षा जास्त लक्षात राहतात. संकटाचं माप आणि गाण्याचं माप एकमेकांशेजारी ठेवलं की काय होतं, ते त्यात दिसतं.

१३ ऑक्टोबर २०१६ ला नोबेल जाहीर झालं. ऐंशी लाख स्वीडिश क्रोनर. त्या संध्याकाळी लास वेगासमध्ये डिलनची मैफल ठरलेली होती, ती त्याने केली आणि नोबेलबद्दल चकार शब्द काढला नाही. स्वीडिश अकादमी त्याला फोन लावून थकली. दोन आठवड्यांनी त्याने होकार कळवला, डिसेंबरच्या समारंभाला गेला नाही आणि पदक घेतलं ते १ एप्रिल २०१७ ला, कारण दौऱ्यात स्टॉकहोमच्या मैफली तेव्हा लागल्या होत्या. याला उद्धटपणा म्हणणारे पुष्कळ निघाले. मला तो दौऱ्याच्या वहीचा प्रश्न वाटतो: पावणेचार दिवसांच्या हिशेबात समारंभाला रकाना नव्हता.

गाणी लिहिणाऱ्याला पहिल्यांदाच साहित्याचं नोबेल, असं मात्र तेव्हा जगभर छापून आलं, ते आपण निमूटपणे मान्य करायचं कारण नाही. १९१३ मध्ये ज्यांना ते मिळालं, त्या रवींद्रनाथांच्या नावावर बावीसशेच्या आसपास गाणी आहेत, चालीही त्यांच्याच. डिलनची सहाशे. तुकोबांच्या गाथेतले साडेचार हजारांच्या घरातले अभंग मध्ये आणले, तर डिलन अगदीच मितभाषी ठरेल. लिहिण्याच्या संख्येत तो मोठा नाहीच. लिहिलेलं खोडण्याच्या संख्येत असावा. ओक्लाहोमातल्या टल्सा शहरात मे २०२२ पासून त्याचं संग्रहालय उघडलं आहे. तिथल्या संग्रहात लाखभर वस्तू आहेत. त्यात शर्टाच्या खिशात मावतील अशा छोट्या वह्या आहेत. अक्षर इतकं बारीक की भिंग घ्यावं लागतं. 'डिग्निटी' या एका गाण्याच्या मसुद्यांची चाळीसहून अधिक पानं आहेत. १९८९ मध्ये ते गाणं ध्वनिमुद्रित झालं आणि त्या वर्षीच्या अल्बममधून वगळलं गेलं.

डिसेंबर २०१९ मध्ये वॉशिंग्टनची मैफल झाली आणि करोनाने जे कुणाला जमलं नव्हतं ते केलं, दौरा थांबवला. नोव्हेंबर २०२१ मध्ये मिलवॉकीहून तो पुन्हा सुरू झाला, नवं नाव घेऊन. आता प्रेक्षकांचे फोन दारातच कुलूपबंद पिशवीत घालतात. गिटार बहुतेक बाजूलाच असते, तो पियानोवर असतो. शाळेच्या सभागृहात होता तसाच. २०२५ च्या उन्हाळ्यात तो अमेरिकेत एका फिरत्या महोत्सवाबरोबर गावोगाव गात होता. वय ८४. एवढ्या ज्येष्ठ माणसाला मानाची शेवटची जागा मिळत असेल असं कुणालाही वाटेल. ती मिळत नव्हती. त्याचं गाणं आटोपलं की शेवटी विली नेल्सन यायचे. त्यांचं वय ९२.